दिवाळीच्या सुटीत नीसला जावे काय?

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र आम्ही मुद्दाम बाजूस काढून ठेवले होते. नाशिककडील एका वाचक गृहस्थांचे ते आहे. त्यांचे धाकटे बंधू फ्रान्स देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस शहराच्या पलीकडे अँतीब गावाजवळच्या सोफिया अँतिपोलिस या उद्योगनगरीत संगणकाच्या कामावर आहेत. सर्व मंडळींनी एकदा तरी समुद्रावर राहावयास यावे, असा त्यांचा तीन वर्षांचा आग्रह आहे. घरात लहानमोठी मिळून नऊ माणसे. मातोश्री त्र्याहत्तर वर्षांच्या, दम्याने थोड्या त्रस्त, आणि अद्याप नऊवारी नेसणाऱ्या. मुलांच्या शाळांना सुटी मिळते ती दिवाळीत आणि मे महिन्यात. धाकट्या बंधूंना मात्र मोठी रजा ऑगस्टातच मिळते. तेव्हा घरात तीन पक्ष पडले आहेत. शिवाय एक चौथा पक्ष असा की, मातोश्रींना या खेपेस घरीच ठेवावे. हे वाक्य पत्राच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलेले आहे, आणि आमच्या मते साऱ्या पत्रात महत्त्वाचे तेच आहे.

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आम्हांस थोडा अधिकार आहे. तो असा की, यातील एक चूक आम्ही स्वतः केलेली आहे. आमची कन्या व जामात दोन वर्षे त्याच बाजूस होती, व आम्ही उभयता तेथे दोनदा जाऊन आलो. पहिल्याने दिवाळीच्या सुटीत, दुसऱ्याने मे महिन्यात. पहिल्या खेपेस निघताना आमचा तर्क अगदी सरळ होता. दिवाळी म्हणजे पावसाळा सरलेला, आकाश निवळलेले, हवेत गोड गारवा. आपल्याकडे असे, तर तिकडे थोडी थंडी अधिक, एवढाच काय तो भेद! म्हणून आम्ही लोकरीचे कपडे भरपूर घेतले आणि रेनकोट घरी खुंटीवर ठेवला. नीसला उतरलो त्या रात्री जो पाऊस लागला तो चवथ्या दिवशी थांबला. आमच्या कुटुंबाचे एक लुगडे तीन दिवस वाळत होते. ओल्या लोकरीस जी कुबट घाण येते ती त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात इतकी भरली की, जावईबापूंनी शेवटी सभ्यपणे खिडकी उघडली, आणि मग पाऊसही आत आला.

भूगोलाचे पुस्तक आम्ही वर्षानुवर्षे शिकविले होते. 'भूमध्यसामुद्रिक हवामान : उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात' हे वाक्य किती मुलांकडून घोकून घेतले त्याची गणती नाही. पण घोकलेले वाक्य ट्रंक भरताना आठवत नाही, हेच खरे.

आपल्या मनात ऋतूंचा क्रम फार खोल रुजलेला आहे. कालिदासाने ऋतुसंहाराचा आरंभ ग्रीष्मापासून केला व समाप्ती वसंतात केली. ग्रीष्मामागून वर्षा येणारच, हे आपण गृहीत धरून चालतो. भूमध्य समुद्राच्या काठी ग्रीष्मामागून वर्षा येत नाही. वर्षा तेथे शरदाच्या जागी येऊन बसते. याचे कारण असे. अटलांटिक महासागरावर अझोर्स बेटांच्या आसपास हवेच्या अधिक दाबाचा एक विस्तीर्ण प्रदेश असतो. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे सरकतो आणि पश्चिमेकडून येणाऱ्या पर्जन्यवाही वादळांस भूमध्य समुद्राकडे फिरकू देत नाही. म्हणून जून, जुलै, ऑगस्ट हे महिने कोरडे. शरदाच्या सुमारास तो दक्षिणेकडे उतरतो आणि वादळांस वाट मोकळी होते. त्यातच उन्हाळाभर तापलेला समुद्र ऑक्टोबरात अद्याप उबदार असतो. त्यावरून येणारा ओलसर दक्षिणवारा नीसच्या पाठीशी उभ्या असलेल्या आल्प्स पर्वताच्या पायऱ्या चढू लागला की, सह्याद्रीपाशी आषाढात जे होते तेच तेथे होते.

आकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक उमगेल. नीसला सबंध वर्षात सुमारे साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्यास पडतो जवळपास तितकाच. परंतु जुलैच्या वाट्यास त्यातले पंधरा मिलिमीटरच्या आसपास येतात, आणि एकट्या ऑक्टोबरच्या वाट्यास सव्वाशेच्या वर. नोव्हेंबरही त्याच्या पाठोपाठ असतो. पावसाचे दिवस वर्षाकाठी साठांच्या आसपासच. तेव्हा पाऊस पडतो तो रिमझिम नव्हे, तर सपाट्याने पडतो. ३ ऑक्टोबर २०१५ च्या रात्री कान व त्याच्या शेजारच्या गावांत दोन तासांत दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि सुमारे वीस माणसे प्राणांस मुकली. त्यांतील कित्येकजण तळघरांतील मोटारी बाहेर काढावयास गेले होते. २ ऑक्टोबर २०२० च्या वादळाने नीसमागील डोंगरखोऱ्यांतील घरे, पूल व रस्ते वाहून नेले. प्रत्येक दिवाळीत असे होते असे आम्ही म्हणत नाही. ऑक्टोबरात लख्ख उन्हाचे आठवडेही मिळतात, आणि त्या महिन्याच्या आरंभी समुद्राचे पाणी वीस अंशांच्या वर असते. पण नऊ माणसांची तिकिटे काढून, दम्याच्या रुग्णास घेऊन, तो जुगार खेळावा काय, हा प्रश्न आहे.

आता गंमत पाहा. आज ज्या किनाऱ्यास लोक उन्हाळ्यात धावतात तो एकेकाळी केवळ हिवाळ्याचा किनारा होता. टोबायस स्मॉलेट नावाचा स्कॉटिश कादंबरीकार, जो पेशाने वैद्यही होता, छातीच्या विकाराने जर्जर होऊन १७६३ साली नीसला गेला. त्याने तेथील हवेची नोंद चिकाटीने ठेवली व ती १७६६ साली आपल्या प्रवासवर्णनात छापली. तो मे महिन्यात समुद्रस्नान करू लागला तेव्हा, छातीच्या रोग्याने समुद्रात उतरावे याचे गावकऱ्यांस मोठे नवल वाटले. पुढे इंग्रज मंडळी दरसाल हिवाळ्यात येऊ लागली. १८२०-२१ च्या हिवाळ्यात असे कडाक्याचे हीव पडले की नारिंगाची झाडे करपली व गोरगरिबांचे काम गेले. त्या भुकेल्या लोकांस काम मिळावे म्हणून लुईस वे या इंग्रज पाद्र्याने वर्गणी जमवून त्यांच्याकडून समुद्रकाठाने एक वाट बांधवून घेतली. आज ज्या रुंद सडकेस 'प्रोमेनाद देझ आंग्ले', म्हणजे इंग्रजांची फिरण्याची वाट, म्हणतात, तिचे मूळ हे. हवेच्या लहरीतून रस्ता निपजल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. १८६४ साली आगगाडी आली आणि मग राजेरजवाड्यांची रीघ लागली. व्हिक्टोरिया राणी १८९५ पासून १८९९ पर्यंत दर वसंतात नीसच्या सिमिए टेकडीवर राहावयास येई; तिच्या लवाजम्यात मुन्शी अब्दुल करीम व इतर हिंदी सेवकही असत. मे लागला की हॉटेले कुलुपे लावून बंद होत, कारण उन्हाळ्यात तेथे राहणे हा वेडेपणा समजला जाई. उन्हात अंग भाजून घेण्याची आवड १९२० नंतरच्या दशकात बळावली आणि सारे पंचांग उलटे झाले. २०२१ साली युनेस्कोने नीसचे नाव जागतिक वारशाच्या यादीत घातले तेही हिवाळी विश्रांतीचे शहर म्हणूनच.

यावरून कोणी म्हणेल, मग हिवाळ्यातच का जाऊ नये? जानेवारीत तेथे दुपारी तेरा अंश व पहाटे पाच-सहा अंश असतात. लंडनच्या धुक्यातून येणाऱ्यास हा स्वर्ग वाटला. नाशिककरास वाटणार नाही. बोचरे ऊन, सायंकाळी लवकर अंधार, आणि समुद्राचे पाणी तेरा अंश. फेब्रुवारीत मिमोसाची पिवळीधमक फुले, कार्निव्हलच्या मिरवणुकी, आणि पाण्याच्या काठी बसून मागे वळले की डोंगरावर बर्फ, हे दृश्य खरोखर सुंदर म्हणतात. परंतु आपल्याकडे तो परीक्षांचा हंगाम. पुढे जाऊ.

ऑगस्टविषयी मात्र आम्हांस स्पष्ट बोलले पाहिजे, कारण पत्रकर्त्यांचा स्वतःचा कल तिकडे दिसतो. रजेची सोय पाहता तो स्वाभाविक आहे, आणि मुलांची शाळा पंधरा दिवस बुडाली तर बुडाली असेही त्यांनी सुचविले आहे. दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंश हा आकडा वाचून आपल्याकडील मनुष्य हसेल. परंतु तेथील हवा त्या दिवसांत दमट असते, रात्रीही पारा वीस-बावीसच्या खाली उतरत नाही, आणि पुष्कळशा घरांत छताचा पंखादेखील नसतो. त्यात उष्णतेची लाट आली तर म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. २००३ च्या ऑगस्टात फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे उष्म्याने दगावली, त्यांत बहुतेक वृद्ध होती, आणि कित्येक अशी की ज्यांच्या घरची तरुण मंडळी सुटीवर समुद्रकाठी गेली होती. अलीकडे अशा लाटा अधिक वारंवार येऊ लागल्या आहेत. २०२२ च्या उन्हाळ्यात तर समुद्रही नेहमीपेक्षा बराच तापला होता. त्यातून ऑगस्ट म्हणजे सबंध फ्रान्सच्या सुटीचा महिना. किनाऱ्यावर पाय ठेवावयास जागा नसते, व बिऱ्हाडाचे भाडे ऐकून छाती दडपते.

राहता राहिला मे. मे महिन्यात दुपारी वीस-एकवीस अंश, पहाटे तेरा-चौदा. पाऊस पन्नास मिलिमीटरच्या आसपास. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो व महिनाअखेर रात्री नवाच्या सुमारास मावळतो. (सायंसंध्या करणाऱ्या वृद्धांनी घड्याळाकडे न पाहता आकाशाकडे पाहावे; आम्ही पहिले दोन दिवस सातास आचमन करून मोकळे झालो व नंतर सूर्य दोन तास आमच्याकडे पाहत राहिला.) समुद्राचे पाणी सतरा अंश; मुले किंचाळत उतरतील, थोरांनी पाय बुडवावेत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हवा चोवीसापर्यंत व पाणी विसापर्यंत चढते, आणि महाराष्ट्रातील शाळा तोपर्यंत बहुधा उघडलेल्या नसतात. तेव्हा मे महिन्याचा शेवटचा आठवडा व जूनचा पहिला, हे पंधरा दिवस आम्ही उत्तम समजतो. अडचण एकच. मे मध्यावर कानचा चित्रपटमहोत्सव आणि मेअखेर वा जूनच्या आरंभी मोनाकोची मोटारशर्यत, यांमुळे हॉटेले महाग होतात. पत्रकर्त्यांस भावाचे घर आहे. निम्मी माणसे तेथे निजतील, उरलेल्यांची सोय सहा महिने आधी करावी.

मातोश्रींच्या दम्याविषयी आम्ही वैद्य नाही. पण एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण ती सांगितल्याशिवाय मे महिन्याची शिफारस अर्धी लबाडीची होईल. त्या प्रदेशात मे-जूनमध्ये ऑलिव्हच्या झाडांचे व गवताचे पराग हवेत असतात, जसे फेब्रुवारी-मार्चमध्ये सायप्रसचे असतात. काही दमेकऱ्यांस त्यांचा उपद्रव होतो. तेव्हा निघण्यापूर्वी महिनाभर आपल्या डॉक्टरांस हे नाव घेऊन विचारावे, व फवाऱ्याचे औषध दुप्पट न्यावे, त्यातील एक जोड मातोश्रींच्या हातपिशवीत, दुसरी सुनेच्या. औषधाची चिठ्ठी कंपनीच्या नावाने न लिहिता औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्यावी. समुद्राकडून येणारी हवा बहुधा परागरहित असते. आपल्या शाळेत शिकविलेले खारे वारे व मतलई वारे नीसला अगदी पुस्तकातल्याप्रमाणे वाहतात: दुपारी समुद्राकडून, रात्री डोंगराकडून. म्हणून मातोश्रींनी दुपारनंतर काठावर बसावे. इंग्रजांच्या वाटेवर निळ्या रंगाच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, त्यांस पैसा पडत नाही, व कोणी उठवीत नाही. आमच्या कुटुंबाचा विष्णुसहस्रनामाचा पाठ तेथे रोज निर्वेध होत असे.

समुद्राविषयी दोन शब्द. कोकणच्या वाळूवर वाढलेल्या मनुष्याची नीसला पहिली निराशा होते ती वाळू नसल्याची. सारा किनारा गोट्यांचा, वाटोळ्या करड्या गोट्यांचा. त्यावरून अनवाणी चालणे म्हणजे तप आहे. शिवाय काठापासून चार पावलांवर पाणी एकदम खोल होते; लहान मुलांस हात धरूनच उतरवावे. अँतीबला मात्र वाळूचे काठ आहेत. पत्रकर्त्यांची मुले त्या बाबतीत भाग्यवान. दुसरी गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. मुंबईस उधाणाच्या वेळी पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, येथे वीतभर. चपला जेथे काढाव्यात तेथेच सायंकाळी सापडतात! पश्चिमेस मार्सेयकडे 'मिस्त्राल' नावाचा थंड, कोरडा उत्तरवारा ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून सोसाट्याने येतो आणि वरचे ऊन पाणी लोटून देतो, म्हणून तेथे भर उन्हाळ्यातही पाणी एकाएकी गार पडते. सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मोरिया बोटीतून उडी घेतली ती याच मार्सेयच्या बंदरात. अँतीबहून आगगाडीने मार्सेयला जाऊन त्याच दिवशी परत येता येते. मोठ्या मुलांस ती जागा दाखवून आणावी, मात्र त्या दिवशी अंगात वारा न शिरणारे जाकीट असावे. नीस स्वतः डोंगरांच्या आडोशास असल्याने मिस्त्रालची तेथे फारशी मातब्बरी नाही.

आता बांधाबांध. आपल्या घरांत सामान भरताना दोन दोष हटकून घडतात : कपडे फार आणि पायांत घालावयाचे चुकीचे. मे-जूनकरिता दर माणशी सुती कपड्यांचे पाच जोड पुरेत. हवा कोरडी असते, रात्री दोरीवर टाकलेले सकाळी वाळते. एक पूर्ण बाह्यांचा स्वेटर हवाच, कारण सूर्य ढळताच काठावर शिरशिरी येते. एक हलका, टोपीचा रेनकोट. छत्रीवर विसंबू नये, ती वाऱ्याने उलटते. जर कोणी हट्टाने दिवाळीतच जाणार असेल, तर त्याने लोकर अर्धी करावी आणि रेनकोट व जलरोधक बूट यांस पहिली जागा द्यावी. उन्हाची टोपी, काळा चष्मा व उन्हाचा लेप यांस आम्ही पूर्वी चोचले समजत होतो. गार वाऱ्यात ऊन लागत नाही, परंतु भाजते; तिसऱ्या दिवशी आमच्या नाकाची सालपटे निघाली तेव्हा मत बदलले. पायांत दोन जोड : जुन्या शहराच्या गुळगुळीत दगडी पायऱ्यांवर न घसरणारे बूट, व पाण्यात शिरण्याकरिता रबराचे तळवे असलेले जोडे. अंगठ्याची चपल गोट्यांवर वळते व मनुष्य घोटा मुरगळून बसतो.

नऊवारीचा प्रश्न आमच्या घरीही होता. तिकडील धुण्याचे यंत्र लहान असते आणि नऊ वार कापड त्यात असे गुरफटते की उलगडण्यास दोन माणसे लागतात. मातोश्रींनी सुती नऊवारी तीन घ्याव्या, त्या हातानेच पिळाव्या. सोवळ्याची धाबळी न्यावी की नाही असे पत्रात विचारले आहे. अवश्य न्यावी. आमच्या कुटुंबाची धाबळी पूजेस जितकी उपयोगी पडली त्याहून अधिक सायंकाळी काठावर गुडघ्यांवर घेण्यास पडली, व तिचे सोवळेपण गेले ते परतल्यावर एका धुण्याने परत आले, असे तिचे म्हणणे आहे. वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट. परंतु आपली तीन पायांची पिन तेथे बसत नाही, त्याकरिता जोडणीचा ठोकळा न्यावा.

खाण्याच्या डब्यांविषयी गृहिणींनी सावध असावे. युरोपीय संघाच्या हद्दीत प्रवाशाने मांस व दूधदुभत्याचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. म्हणून तूप, खवा, पनीर घेऊन विमानतळावर अपमान करून घेऊ नये. लोणी तेथे उत्कृष्ट मिळते, तूप तेथेच कढवावे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, पोहे ही मंडळी खुशाल जावीत. ताज्या फळांस सरकारी दाखला लागतो, तेव्हा मे महिन्यात धाकट्या भावास हापूस न्यावयाचा मोह कितीही झाला तरी आवरावा. या नियमातून पाच फळे मोकळी आहेत : अननस, केळे, नारळ, खजूर व ड्युरियन. नळाचे पाणी पिण्यास निर्धोक आहे. आणि नीसच्या जुन्या बाजारात 'सोक्का' म्हणून एक पदार्थ मिळतो : हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ व ऑलिव्हचे तेल यांचे मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेले धिरडे. शुद्ध शाकाहारी, गरमागरम, वर मिरपूड. त्याच दुकानातील कांद्याच्या पावास मात्र हात लावू नये, त्यात खारविलेली मासळी असते.

येणेप्रमाणे आमचे उत्तर पत्रकर्त्यांस असे : ऑगस्ट नको, दिवाळी नको, मेअखेर जावे. धाकट्या बंधूंस पंधरा दिवसांची रजा त्या वेळी मिळत नसेल तर त्यांनी आठ दिवसांची घ्यावी व उरलेले दिवस कचेरीतून सायंकाळी यावे; नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, काठावर सर्वांची गाठ पडेल. आणि कडेला लिहिलेल्या त्या बारीक ओळीविषयी : डॉक्टरांनी नको म्हटले तर प्रश्न मिटला. त्यांनी हरकत घेतली नाही, तर मग घरात पक्ष पाडण्याआधी मातोश्रींस कोणी विचारले आहे काय? पत्रात तसा उल्लेख आम्हांस आढळला नाही. त्या हो म्हणाल्या तर त्यांच्या पेटीत नारळ दोन घालावेत. समुद्रास वाहावयाचा एक, आणि धाकट्या मुलाच्या घरी खोबऱ्याच्या वड्यांस एक.